आईची स्टेरॉइडची गोळी बंद करू का?

प्रश्न : आईचं वय ५६. दीड वर्ष हातापायांचे सांधे सुजत होते, सकाळी मूठ वळायची नाही. संधिवाताच्या डॉक्टरांनी आमवात आहे असं सांगून तीन महिन्यांपूर्वी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आणि प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम रोज सुरू केलं. दुखणं खूप कमी झालं. पण चेहरा फुगलाय, दुपारच्या जेवणानंतरची साखर २१० आली. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘हे स्टेरॉइड आहे, किडन्या जातात.’ आईनं परवापासून ती गोळी बंद केली. आमच्या बाजारात एक माणूस सांधेदुखीची जडीबुटीची पुडी विकतो, एका रात्रीत गुण येतो म्हणतात. ती द्यावी का? स्टेरॉइड खरंच इतकं वाईट असतं का?

उत्तर :

आधी आजचं काम. प्रेडनिसोलोनची गोळी आजच, काहीतरी खाऊन, आधीच्याच डोसनं पुन्हा सुरू करा. मग आईच्या डॉक्टरांना फोन करून सांगा की दोन दिवस खंड पडला होता. पुडी आणू नका. बाकीचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी फिजिशियन आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी सव्वीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. स्टेरॉइडमुळे मरता मरता वाचलेली माणसं मी पाहिली आहेत आणि स्टेरॉइडमुळेच वाचलेली त्याहून कितीतरी जास्त. ज्यांचं खरोखर वाईट झालं त्यांच्याकडे मागे वळून पाहतो तेव्हा दोनच तऱ्हा पुन्हा पुन्हा दिसतात. काहीजण आपण स्टेरॉइड घेतोय हे माहीत नसताना ते घेत राहिले होते, आणि काहींनी घाबरून ते एका दिवसात सोडून दिलं होतं. तुमच्या घरात आज या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडू पाहताहेत, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

हे औषध मुळात शरीरातलंच आहे. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक तयार करतात, पहाटे सर्वांत जास्त, रात्री अगदी थोडं. रक्तदाब टिकवणं, उपाशी असताना साखर पडू न देणं, ताप, अपघात किंवा ऑपरेशनच्या वेळी शरीराला तग धरायला लावणं ही त्याची कामं. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, हायड्रोकॉर्टिसोन ही सगळी त्याच कुळातली औषधं. जिममधली पोरं दंड फुगवायला घेतात ती स्टेरॉइड वेगळी, पुरुषी संप्रेरकाच्या जातीची. नाव सारखं असल्यामुळे लोक दोन्हींची बदनामी एकत्र करतात.

आपल्या ग्रंथी दिवसाला जेवढं कॉर्टिसॉल करतात ते साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं असतं. तुमच्या आई १० घेत होत्या, म्हणजे शरीराच्या रोजच्या गरजेच्या जवळजवळ दुप्पट, तेही तीन महिने. आता घरात रोज बाहेरून डबा यायला लागला की चूल कोण पेटवतं? मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी रक्तातलं स्टेरॉइड सतत मोजत असते. बाहेरून भरपूर येतंय असं दिसलं की ती अ‍ॅड्रिनलला हुकूम सोडायचं थांबवते. आठवड्यामागून आठवडे गेले की अ‍ॅड्रिनल आकारानंही बारीक होते. अशा वेळी डबा एका दिवसात बंद केला तर चूल लगेच पेटत नाही. कधीकधी काही आठवडे लागतात, फार दिवस औषध घेतलेलं असेल तर काही महिनेसुद्धा. मधल्या काळात माणूस निभावून नेतो, पण जुलाब झाले, ताप आला, दात काढला किंवा पडून हाड मोडलं, की शरीर जास्त कॉर्टिसॉल मागतं आणि ते मिळत नाही.

साधारण तीन-चार आठवड्यांपेक्षा कमी काळ घेतलेलं स्टेरॉइड बहुतेकांना थेट थांबवता येतं. दम्याचा झटका आला म्हणून पाच-सात दिवस ४० मिलिग्रॅम दिलं आणि थांबवलं, हे आम्ही रोज करतो. त्यापुढे मात्र डोस पायरीपायरीनंच उतरवायचा. आईंच्या बाबतीत बहुधा दर दोन-चार आठवड्यांनी अडीच मिलिग्रॅम कमी करत ५ पर्यंत आणतील, आणि तिथून पुढे आणखी हळू, महिन्याला एखादा मिलिग्रॅम. नेमका आराखडा त्यांचे डॉक्टरच ठरवतील, कारण सांध्यांची सूज किती आहे यावर तो अवलंबून असतो. शंका वाटली तर सकाळी आठच्या सुमारास, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी, रक्तातलं कॉर्टिसॉल तपासून ग्रंथी कितपत जागी झाली आहे याचा अंदाजही घेता येतो.

पुडीबद्दल सांगायला मी एक रात्र सांगतो. साठीचा शेतकरी, मुलगा जीपमध्ये घालून घेऊन आला होता. दोन दिवस उलट्या, पोटात दुखणं, उभं केलं की डोळ्यापुढे अंधारी. वरचा रक्तदाब ७०, रक्तातलं सोडियम १२४, साखर ५८, तिन्ही फार खाली. बाहेर गॅस्ट्रो म्हणून दोन सलाइन लावून झाली होती, फरक नव्हता. मी हात तपासायला घेतला तर कोपराखालची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, तिच्यावर जांभळे डाग. चेहरा वाटोळा, गाल लाल, पोट सुटलेलं आणि हातापायांच्या काड्या. पोटावर जांभळट वळ. विचारलं, ‘बाबा, कसली गोळी चालू आहे?’ ‘इंग्रजी औषध घेतच नाही साहेब.’ मुलाला बाजूला घेतलं. तो म्हणाला, गुडघ्यासाठी बाजारातून पुड्या आणतात, तीन वर्षं झाली. मग हळूच म्हणाला, ‘पुडीवाला दोन आठवडे बाजाराला आलाच नाही.’

तिथं निदान झालं : पुडीत स्टेरॉइड होतं आणि ते एकाएकी बंद पडलं होतं. १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून दिलं, मीठ-पाण्याचं आणि साखरेचं सलाइन जोरात सोडलं. पहाटे पाचला राउंडला गेलो तर ते खाटेवर बसून चहा मागत होते. मुलाच्या खिशात शेवटची रिकामी पुडी होती, वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्याची घडी, आत बोटाला लागेल एवढी फिकट तपकिरी पूड. तपासायला पाठवायला काही उरलं नव्हतं, पण तीन वर्षांत त्यांच्या अंगावर जे उमटलं होतं ते वाचायला प्रयोगशाळा लागत नाही.

अशा पुड्यांमध्ये बहुधा डेक्सामेथासोन कुटून घातलेलं असतं, जोडीला एखादं तीव्र वेदनाशामक. डेक्सामेथासोन स्वस्त आहे आणि फार थोडं पुरतं. प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम, मिथाइलप्रेडनिसोलोन ४ मिलिग्रॅम आणि डिफ्लाझाकॉर्ट ६ मिलिग्रॅम ही साधारण सारख्या ताकदीची. डेक्सामेथासोन मात्र पाऊण मिलिग्रॅमच तेवढं काम करतं, शिवाय ते शरीरात दोन-दोन दिवस ठाण मांडून बसतं, त्यामुळे ग्रंथी दाबून टाकण्यात सगळ्यांच्या पुढे. पुडीत ते किती आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. आमवातासारख्या आजारात एका रात्रीत सूज उतरवणारी जडीबुटी माझ्या पाहण्यात नाही. रात्रीत गुण आला, भूक खवळली, महिन्याभरात चेहऱ्याला ‘तजेला’ आला, ही लक्षणं ओळखीची आहेत. आयुर्वेदाला मी नावं ठेवत नाही. शिकलेला वैद्य औषधाचं नाव लिहून देतो, नोंदणी क्रमांक टाकतो, प्रश्न विचारला तर उत्तर देतो. नाव नसलेल्या पुडीशी त्याचा संबंध नाही. वजन वाढवायच्या बिनलेबलच्या गोळ्यांचीही हीच गोष्ट. वाळक्या पोरींना लग्नाआधी अंग भरावं म्हणून त्या दिल्या जातात, हे पाहून मला फार वाईट वाटतं.

म्हणजे गंमत लक्षात घ्या. आई ज्या भीतीनं १० मिलिग्रॅमची नावानिशी लिहिलेली, मोजलेली गोळी सोडताहेत, तेच औषध पुडीतून न मोजता घेण्याची तयारी घरात चालली आहे.

आता स्टेरॉइड आमवातात का दिलं जातं. सूज दाबण्यासाठी स्टेरॉइडचा पहिला गाजलेला प्रयोग झाला तोच मुळी आमवाताच्या रुग्णावर. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेन्च नावाच्या डॉक्टरांनी पाहिलं होतं की कावीळ झाली किंवा दिवस राहिले की काही बायकांचा आमवात तेवढ्यापुरता पळून जातो. शरीरातच काहीतरी आहे जे हे करतं, असा त्यांचा कयास होता. तिथलेच रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडॉल अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून एकेक संयुग वेगळं काढत होते. सप्टेंबर १९४८ मध्ये अंथरुणाला खिळत चाललेल्या एका तरुण बाईला त्यातलं कॉर्टिसोन टोचलं. काही दिवसांत ती उठून चालायला लागली, आठवडाभरात बाजारात खरेदी करून आली. १९५० मध्ये हेन्च, केंडॉल आणि स्विस शास्त्रज्ञ टाडेयुस राइशस्टाइन यांना नोबेल मिळालं. पण तोवरच दुसरी बाजूही कळत होती. औषध थांबवलं की सांधे परत सुजत, चालू ठेवलं की चेहरा वाटोळा होई, रक्तदाब वाढे, मन थाऱ्यावर राहत नसे. म्हणजे तुमच्या शेजारच्या काकूंची भीती काही हवेतली नाही. ती सत्तर वर्षांहून जुनी आहे आणि डॉक्टरांना तेव्हापासून ठाऊक आहे.

त्यातून वैद्यकशास्त्र जे शिकलं ते तुमच्या आईच्या केसपेपरवर दिसतंय. मेथोट्रेक्सेट हे आमवाताला मुळातून काबूत ठेवणारं औषध, पण त्याचा पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने जातात. तेवढ्या काळात सूज सांध्याची कूर्चा आणि हाड कुरतडत असते, बोटं एकदा वाकडी झाली की सरळ होत नाहीत. तो मधला काळ भरून काढायला छोट्या डोसमध्ये प्रेडनिसोलोन द्यायचं आणि मेथोट्रेक्सेट लागू पडलं की ते काढून घ्यायचं. तीन महिने झाले आहेत. म्हणजे कदाचित डॉक्टर पुढच्या भेटीत गोळी उतरवायला सुरुवात करणारच असतील. हे त्यांना स्पष्ट विचारा : ‘प्रेडनिसोलोन किती दिवस चालेल, कमी कसं करणार?’ हा प्रश्न रुग्णानं विचारायलाच हवा आणि डॉक्टरांनी त्याचं उत्तर द्यायलाच हवं. वर्षानुवर्षं ‘आराम आहे ना, चालू द्या’ असं म्हणत जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळ्या आणत राहणं, हे पुडीपेक्षा फार वेगळं नाही.

बोलता बोलता एक गोष्ट, स्टेरॉइडची नाही पण राहवत नाही म्हणून. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी घ्यायचं. गोळ्यांच्या डब्यावर तो वार मोठ्या अक्षरात लिहा. चुकून रोज घेतल्यानं तोंड सोलून निघालेले, पांढऱ्या पेशी पार खाली गेलेले रुग्ण मी दाखल केले आहेत, आणि त्यातले सगळे घरी परत गेले नाहीत.

किडनीचं काय? प्रेडनिसोलोननं किडन्या जात नाहीत. उलट लहान मुलांना नेफ्रोटिक सिंड्रोम होतो, लघवीतून प्रथिनं वाहून जातात, सकाळी पापण्या सुजलेल्या असतात, पोटात पाणी होतं, त्यांचं मुख्य औषधच प्रेडनिसोलोन आहे. सुरुवातीला वजनाच्या किलोमागे रोज २ मिलिग्रॅम असा मोठा डोस सहा आठवडे, मग दिवसाआड आणखी सहा आठवडे. बहुतेक मुलांची सूज पहिल्या काही आठवड्यांतच ओसरते. किडनी बिघडवतात ती अंगदुखीसाठी रोज खाल्लेली डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं. लोकांच्या डोक्यात दोन्ही ‘दुखण्याच्या गोळ्या’ एकाच खात्यात जमा झाल्या आहेत. आई दुखलं की मधूनमधून तशी गोळी घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. स्टेरॉइड आणि वेदनाशामक दोन्ही एकत्र घेतलं की पोटात अल्सर होऊन रक्त जायची शक्यता बरीच वाढते.

पण मी ‘घाबरायचं काहीच नाही’ असं म्हणणार नाही. जे होतं ते होतं.

साखरेचं तुम्ही लिहिलंत ते अगदी नमुनेदार आहे. सकाळी आठला घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा साखरेवरचा जोर दुपारपासून संध्याकाळपर्यंत असतो, रात्री तो ओसरतो. त्यामुळे उपाशीपोटीची साखर १०० येते आणि घरचे निर्धास्त होतात, तर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी २५० असते. स्टेरॉइड चालू असलेल्या माणसाची फक्त सकाळची साखर तपासणं म्हणजे चोर गेल्यावर दार पाहणं. आईंची दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी अशी तपासा, आठवड्यातून दोनदा, आणि वहीत लिहून ठेवा. दुपारचा भात कमी, भाजी-उसळ जास्त, चारच्या चहातली साखर आणि बिस्किटं बंद. डोस उतरला की बहुतेकांची साखरही उतरते, पण काहींचा मधुमेह तसाच राहतो. असा मधुमेह बहुधा आधीपासून दबा धरून असतो, स्टेरॉइड त्याला उघड्यावर आणतं. २१० आली आहे, तर हे पुढच्या भेटीवर ढकलू नका.

चेहऱ्याची सूज म्हणजे तिथं साठलेली चरबी आणि थोडं पाणी. डोस खाली आला की काही महिन्यांत चेहरा पूर्ववत होतो. बायकांना याचा फार त्रास होतो, आरशासमोर उभं राहावंसं वाटत नाही, आणि गोळी बंद करण्यामागचं खरं कारण बऱ्याचदा हेच असतं, जे त्या डॉक्टरांना सांगत नाहीत. आईंना हलक्या आवाजात विचारून पाहा. पापड, लोणचं, खारवलेलं कमी केलं तर फुगवटा आणि रक्तदाब दोन्हींना मदत होते.

हाडांचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते दिसत नाही. स्टेरॉइडनं होणारी हाडांची झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच सर्वांत वेगानं होते. आईंची पाळी गेली असणार, म्हणजे हाडांचं आधीचं संरक्षणही उतरलेलं. तीन महिन्यांहून जास्त स्टेरॉइड लागणार असेल तर कॅल्शिअम आणि ड जीवनसत्त्व सुरू व्हायला हवं, हाडांची घनता मोजायला हवी आणि गरज असेल तर आठवड्याला एक घ्यायची हाडं मजबूत करणारी गोळी. नाचणी, दूध, दही हे हवंच, पण तेवढ्यावर भागेल असं समजू नका. आणि कधी मांडीच्या सांध्यात, जांघेत खोल दुखायला लागलं, लंगडत चालणं आलं, तर ‘वाताचंच दुखणं’ म्हणून अंगावर काढू नका. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो ढासळतो. साध्या एक्स-रेत ते सुरुवातीला दिसत नाही, एमआरआय लागतो. करोनानंतर तिशी-पस्तिशीतली माणसं या दुखण्यानं आली तेव्हा आम्हालाही धक्का होता.

करोनाचं नाव निघालंच आहे तर तो धडा सांगायला हवा. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीचे निष्कर्ष आले. डेक्सामेथासोन रोज फक्त ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले, ऑक्सिजनवरच्या रुग्णांमधले सुमारे एक पंचमांशानं. काही रुपयांच्या औषधानं एवढं केलं. त्याच निष्कर्षात हेही होतं की ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा झाला नाही. हे दुसरं वाक्य आपल्याकडे कुणी ऐकलं नाही. २०२१ च्या लाटेत मोबाइलवर फिरणाऱ्या चिठ्ठ्या घेऊन माणसं तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून घरीच मिथाइलप्रेडनिसोलोन घेत होती. कारण कळतं, बेड मिळत नव्हते, भीती होती. पण विषाणू वाढत असताना प्रतिकारशक्तीच दाबली, साखर तीनशे-चारशेवर गेली, आणि मग म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, आलं. गालाचं हाड, डोळा काढावा लागलेली माणसं आजही माझ्या ओपीडीत येतात. औषध तेच, रेणू तोच. पहिल्या आठवड्यात दिलं की घात आणि श्वास लागल्यावर दिलं की जीव वाचवणारं.

जंतुसंसर्गाचं मूळ इथंच आहे. स्टेरॉइड सूज दाबतं, आणि ताप-सूज हीच तर संसर्गाची हाक असते. त्यामुळे आत पू झालेला असला तरी बाहेर माणूस बरा दिसतो. आपल्या देशात सर्वांत मोठी काळजी क्षयाची. दडून बसलेला टीबी अशा वेळी डोकं वर काढतो. संधिवाताचे डॉक्टर औषध सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे काढतात तो त्यासाठीच. संध्याकाळचा बारीक ताप, दोन आठवड्यांचा खोकला, वजन उतरणं, यातलं काहीही आलं तर सांगा. घरात कुणाला कांजिण्या आल्या आणि आईंना लहानपणी आल्या नसतील, तर त्याच दिवशी फोन करा.

डोळ्यांचं लवकर सांगतो. लांबल्या उपचारात मोतीबिंदू लवकर येतो आणि डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, म्हणून वर्षातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. खरा घोटाळा मात्र थेंबांचा आहे. उन्हाळ्यात पोरांचे डोळे खाजतात, लाल होतात. एकदा डॉक्टरांनी स्टेरॉइडचे थेंब पंधरा दिवसांसाठी दिले की आई-बाप दरवर्षी तीच बाटली आणतात, महिनोन्‌महिने घालतात. काचबिंदू दुखत नाही. पोरगं शाळेत फळा दिसत नाही म्हणतं तेव्हा नजर बरीच गेलेली असते, आणि ती परत येत नाही.

तसंच मलमांचं. गजकर्णाला लावायचं म्हणून दुकानातून जे मलम मिळतं त्यात पुष्कळदा बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड असं सगळं एकत्र असतं. खाज एका दिवसात थांबते. बुरशी मात्र कातडीत मजेत पसरते, कडा पुसट होतात, आणि महिन्यांनी रुग्ण येतो तेव्हा जांघेपासून कंबरेपर्यंत चट्टे, ओळखू न येणारे, औषधालाही दाद न देणारे. गोरेपणासाठी किंवा वांगासाठी तोंडाला लावलेल्या मलमात स्टेरॉइड असेल तर कातडी पातळ होते, उन्हात भाजल्यासारखी आग होते, केस उगवतात, आणि मलम थांबवलं की तोंड लालबुंद. त्वचारोगतज्ज्ञांनी याविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवला. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ प्रकारच्या स्टेरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये घातलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर. तुम्ही स्वतः ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा, नाव ‘सोन’ किंवा ‘सोल’नं संपत असेल तर विचारल्याशिवाय लावू नका.

आणि तरीही. अकाली कळा सुरू झालेली बाई आमच्याकडे येते, सात महिन्यांची. बाळाची फुप्फुसं कच्ची. आम्ही डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतो, बारा तासांनी दुसरं, असे चार डोस, आणि तिला मोठ्या रुग्णालयात पाठवतो. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउवी यांनी १९७२ मध्ये हे बायकांमध्ये सिद्ध केलं. त्याआधी लिगिन्सना मेंढ्यांवरच्या प्रयोगात दिसलं होतं की स्टेरॉइड मिळालेलं अपुऱ्या दिवसांचं कोकरू श्वास घेऊ शकतं. आज आपल्या तालुक्यांत जी इवलीशी पोरं एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी जातात, त्यात या चार इंजेक्शनांचा वाटा आहे. कुष्ठरोगात औषध चालू असताना कधी अचानक मज्जातंतू सुजतो, हात लुळा पडू लागतो, तिथं वेळेत दिलेलं प्रेडनिसोलोन बोटं वाचवतं. क्षयानं मेंदूच्या आवरणाला सूज आली तर टीबीच्या औषधांच्या जोडीला डेक्सामेथासोन देतात, त्यानं जीव वाचतात. दम्याचा पंप तर रोजचाच. त्यातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, मिलिग्रॅमचा हजारावा भाग, आणि थेट फुप्फुसात जातं. पंपाची ‘सवय लागते’ या भीतीनं तो टाळून वर्षातून चारदा गोळ्या-इंजेक्शनं घेणारा माणूस जास्त स्टेरॉइड खातो. पंपानंतर चूळ भरायची, म्हणजे तोंडात पांढरी बुरशी येत नाही.

जिथं काम नाही तिथंही ते टोचलं जातं, हेही मान्य करतो. साध्या तापाला ‘डेक्सा’, सर्पदंशाला डेक्सा, विंचवाला डेक्सा. सर्पदंशावर विषरोधक लस हाच उपाय. विंचवाच्या दंशात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या साध्या रक्तदाबाच्या गोळीनं कोकणातले किती जीव वाचवता येतात हे दाखवून दिलं. तिथं स्टेरॉइडनं काही साधत नाही. इंजेक्शन दिल्यावर दोन तासांत हुशारी वाटते, ताप उतरतो, डॉक्टर चांगला ठरतो. आमच्याच पेशातल्या या सवयीनं लोकांचा स्टेरॉइडवरचा विश्वास आणि अविश्वास दोन्ही बिघडवले आहेत.

आता आईंसाठी घरचं. गोळी सकाळी आठच्या सुमारास, न्याहारीनंतर. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉलही सकाळीच चढतं, त्या लयीला ती कमी धक्का देते, आणि रात्री झोप उडत नाही. चिडचिड वाढली, रडू येऊ लागलं तर तो स्वभाव नव्हे, औषधाचा भाग असू शकतो, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पर्समध्ये एक जाड कागद ठेवा : प्रेडनिसोलोन चालू आहे, डोस अमुक, कधीपासून, डॉक्टरांचा नंबर. दात काढायचा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन असो, तो कागद आधी दाखवायचा. गोळी पूर्ण थांबल्यानंतरही तो कागद वर्षभर पर्समध्येच राहू द्या, कारण ग्रंथी सावरायला वेळ घेते. लस घेताना स्टेरॉइडचं सांगा. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी चालतात, जिवंत जंतूंच्या लसी विचारूनच.

ताप आला, अंगात दुखणं जडलं, तर गोळी बंद करायची नाही. अशा दिवसांत डोस तेवढ्यापुरता वाढवावा लागतो का, हे डॉक्टरांशी आताच बोलून त्या कागदाच्या मागे लिहून घ्या. आणि येत्या काही दिवसांत आईंना उलट्या झाल्या, गोळी पोटात टिकेना, उभं राहिल्यावर चक्कर आली किंवा ग्लानी वाटली, तर सकाळची वाट पाहू नका. जवळच्या रुग्णालयात न्या, आणि दारातच पहिलं वाक्य हे सांगा : ‘तीन महिने प्रेडनिसोलोन चालू होतं, मध्ये दोन दिवस बंद केलं होतं.’